पहिल्या वर्गातला नाझारेनो

कास्तेल्रोव्हेरे या आमच्या गावात म्हाताऱ्यांचं विद्यापीठ आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि आदराचं आहे, ते दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी वाचायला चष्मा लागतो आणि ज्यांच्यासाठी पाटी लावली ते चष्मा घरी विसरून येतात. ऑक्टोबर ते मे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत लॅटिन चालतं. गुरुवारी पहिला वर्ग, मंगळवारी दुसरा. तिसरा नाही. तिसऱ्या वर्गापर्यंत विद्यार्थी टिकतील याची हमी देता येत नाही, असं नगरपालिकेनं कळवलं होतं. पत्रात शब्द जरा मऊ होते.

मी खाली वाचनालयात कामाला. वरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, शेगडी पेटवायचं काम माझ्याकडे, आणि झेरॉक्स काढायचं कामही माझ्याकडेच. त्यामुळे गुरुवारी मीही कोपऱ्यात बसून ऐकत असे. ऐकून ऐकून मला जेवढं लॅटिन आलं, तेवढं काही विद्यार्थ्यांना नाव नोंदवून आलं नाही.

नाझारेनो साल्वुच्ची हा या पहिल्या वर्गाचा सर्वांत जुना विद्यार्थी. गावात त्याला नेनो म्हणतात. चाळीसेक वर्षं त्यानं खालच्या खोऱ्यातल्या बुटांच्या कारखान्यात चामडं कापलं. निवृत्त झाल्यावर, सहासष्टाव्या वर्षी, तो लॅटिनच्या पहिल्या वर्गात आला. वर्ष संपलं, बाकीचे दुसऱ्या वर्गात गेले, नेनो पुन्हा पहिल्यात बसला. पुढच्या वर्षीही बसला. त्याच्या पुढच्या वर्षीही. आम्ही मोजायचं सोडून दिलं. पुस्तकाच्या पहिल्या धड्यात लिविया नावाची मुलगी देवीला वाहायला बागेतून गुलाब खुडते; नेनोच्या देखत तिनं इतक्या वर्षांचे गुलाब खुडले, की आता ती बाग ओसाड व्हायला हवी होती.

"नेनो, तुम्हाला सगळं येतं हो," ओत्ताविया बाई दर मेमध्ये म्हणायच्या. या बाई जिल्ह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हाताखालून इतके वकील आणि डॉक्टर गेले, की त्यांना दातदुखीचंही बिल कुणी लावत नाही. "यंदा दुसऱ्यात या."

"पक्कं नाही अजून, बाई."

"काय पक्कं नाही?"

"पाया," नेनो म्हणायचा. "पाया कच्चा असला की वर काय चढणार?"

तसं पाहिलं तर नेनोचा पाया इतका पक्का झाला होता, की त्यावर कॅथेड्रल उभारता आलं असतं. लिविया, तिची म्हातारी दासी, खलाश्याचा मित्र असलेला शेतकरी, हट्टी गाढव, पाण्याला भिणारा खलाशी, या सगळ्यांच्या गोष्टी त्याला तोंडपाठ. दासी पाणी आणायला जाते तिथे तो आधीच मान हलवायचा, कारण घडा फुटणार हे त्याला माहीत होतं. नवे विद्यार्थी 'रोझा', म्हणजे गुलाब, हा शब्द चालवायला लागले की तो खालच्या आवाजात त्यांच्या बरोबर चालवायचा. एखाद्या जुन्या घरात मांजर जसं लहान मुलांना येऊ-जाऊ देतं, तसं त्याचं त्या वर्गात होतं.

त्याला विचारलं तर तो दुसरं कारणही सांगायचा. "पहिल्या पुस्तकात कुणी मरत नाही. दासीचा घडा फुटतो, मालक रागावतो, मग हसतो. दुसऱ्या पुस्तकात पान उघडलं की माणसं पूल बांधतात आणि शेजाऱ्यांना मारायला जातात. मला घाई नाही."

हे कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण मंगळवारी त्याच खोलीत बसायचं, गळ्यात टाय बांधून. ते म्हणजे देल्फो साल्वुच्ची. नेनोचा धाकटा भाऊ.

दोघांच्या वडिलांकडे एकालाच शिकवण्याइतकी ऐपत होती. नेनो थोरला, त्याला अकराव्या वर्षी कामधंद्याच्या शाळेत घातलं. तिथे लॅटिन नव्हतं, हातोडी होती. देल्फोला पाद्रीबाबांकडे पाठवलं, तो लॅटिन शिकला आणि जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत साहेब झाला. यावरून दोघांत कधी वाजलं नाही, हे नेनोच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. वाजलं ते पिपावरून.

आमच्याकडे शरदात द्राक्षांचा रस तांब्याच्या कढईत आटवून पिपात भरतात. दरवर्षी नवा रस जुन्यात ओतायचा आणि पीप कधी रिकामं करायचं नाही. पणजोबांच्या वेळचा एखादा घोट आत कुठेतरी असतोच, असं मानून पाहुण्याला पेला द्यायचा. वडील गेल्यावर देल्फोनं, कचेरीतली सवय, त्या पिपातल्या रसाचे दोन सारखे भाग केले. एक थेंब इकडे की तिकडे नाही. कागदावर आकृतीही काढली होती.

"गाय मधोमध कापून दोघांनी दूध काढायचं का?" नेनोनं विचारलं होतं.

"न्याय म्हणजे न्याय," देल्फो म्हणाला होता.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. वीसएक वर्षं. गाव लहान असलं की न बोलणं हे काही एकट्यादुकट्याचं काम नाही, त्याला सगळ्यांनी हातभार लावावा लागतो. देल्फो चर्चमध्ये सातच्या मासला जातो, नेनो अकराच्या. देल्फोची कॉफी सकाळची, नेनोची जेवणानंतरची. न्हाव्याकडे एकाचा शुक्रवार, दुसऱ्याचा शनिवार. सगळं इतकं सुरळीत चालायचं, की कुणी त्याचा विचारही करत नसे. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सगळे विसरतात. पुढे जे घडलं ते या विसरण्यातून घडलं.

त्या वर्षी प्रांताकडून नवी बाई आली, अशा सगळ्या विद्यापीठांवर देखरेख करायला. तिनं नोंदी चाळल्या आणि तिला नेनो सापडला. एक मनुष्य इतकी वर्षं पहिल्या वर्गात बसतो याचा अर्थ एकतर शिकवणी वाईट आहे किंवा जागा अडवली जाते आहे, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून मेच्या अखेरीस परीक्षा. उत्तीर्ण झाला तो दुसऱ्यात, नापास झाला त्याला पुन्हा पहिला वर्ग. उत्तरं बंद पाकिटातून बाहेरगावी तपासायला जाणार.

वर्गात खळबळ माजली. सत्तरीपुढच्या लोकांना रक्तदाब, मधुमेह, गुडघे या कशाची भीती वाटत नव्हती तेवढी परीक्षेची वाटली.

फक्त नेनो शांत होता. त्याला वाट दिसली होती. नापास व्हायचं.

ही गोष्ट त्यानं फक्त बायकोला, लिदियाला सांगितली. तिनं मला नंतर सांगितली, म्हणून मला माहीत. लिदिया म्हणाली, "वयाच्या या टप्प्यावर नापास व्हायला अभ्यास करतोयस?"

"नापास होणं सोपं नाही. सगळंच चुकीचं लिहिलं तर कळेल की मुद्दाम केलं. माणसाला पटेल इतपत चुकलं पाहिजे."

"गुरुवारी घरी बसणार नाहीस ना पण?"

"नाही."

"मग चूक बाबा. हवं तेवढं चूक. तू गुरुवारी घरी बसलास तर मी वर्गात जाऊन बसेन."

आता परीक्षेचा दिवस. वर्गात ओत्ताविया बाई, मी शेगडीपाशी (मे असूनही, सवयीनं), आणि दहाबारा विद्यार्थी. त्यांतले दोघं आपल्याला लागतील. एक फौजदार तार्चिझिओ. काराबिनिएरी, म्हणजे लष्करी पोलिसांच्या ठाण्यातून निवृत्त झालेला, मूळचा दक्षिणेचा, पण इथंच स्थायिक. दुसरी इओले, जिचा पाव गावानं तीस वर्षं खाल्ला आणि जी आता पाव न भाजता चांबेल्लोने नावाचा गोल केक घेऊन येते, दर गुरुवारी, कुणी मागितला नसला तरी.

आमच्या देशात परीक्षेचा एक अलिखित नियम आहे. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याला सांगायचं. न सांगणारा पुढे मंत्री झाला तरी त्याच्या गावात लोक म्हणतात, "हा तो, ज्यानं शेजाऱ्याला उत्तर दिलं नव्हतं." चांगल्या शिक्षकाचीही एक पद्धत आहे. योग्य वेळी खिडकीपाशी जायचं आणि बराच वेळ बाहेर बघायचं. ओत्ताविया बाई चांगल्या शिक्षिका. त्या खिडकीपाशी गेल्या. चौकात काहीही चाललं नव्हतं, ते त्यांनी बारकाईनं पाहिलं.

नेनोनं लवकर लिहून संपवलं, कागद बाईंच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवला, टोपी घातली आणि खाली गेला. चेहरा समाधानी. बेमालूम नापास झालेल्या माणसाचा.

त्याच्या शेजारी बसलेल्या फौजदारांनी मात्र लिहिताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. ते उठले, गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या मिश्या खाली आल्या.

"इओले," ते कुजबुजले, "इकडे या."

"काय झालं?"

"नेनो. बिचारा. हे बघा, लिविया गुलाबांना जेवायला घालते आहे. आणि इथे गाढव मालकाला शाळेत नेतं आहे."

इओलेनं कागद पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं! दर गुरुवारी बरोबर सांगायचा आपल्याला. पेपर पाहिला आणि सगळं विसरला वाटतं."

"घाबरला. परीक्षेत माणूस घाबरतो. मी शूर लोक घाबरताना पाहिलेत, जामिनाच्या दिवशी."

"आता काय करायचं?"

फौजदारांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खिडकीतली पाठ हलली नाही. "आपल्या देखत माणूस बुडतोय," ते म्हणाले. "आयुष्यभर मी कायदा सांभाळला. हा पण कायदाच आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही म्हणून तर मोडत नाही कुणी."

परीक्षेला पेन्सिली दिल्या होत्या, सगळ्यांना सारख्या, प्रांताच्या खर्चानं. खोडरबरही. इओले बसली आणि पावाचं पीठ मळून सरावलेल्या बोटांनी तिनं गुलाब लिवियाच्या हातात परत दिले, मालकाला गाढवावर बसवलं आणि दासीचा घडा फोडला. फौजदार वरून सांगत होते.

"सगळं बरोबर नको. एक चूक ठेवा."

"का?"

"एकही चूक नसली की संशय येतो. माझा अनुभव आहे."

म्हणून खलाश्याला त्यांनी पाण्याला भ्यायला न लावता वाऱ्याला भ्यायला लावलं. बाई खिडकीतून वळल्या तेव्हा गठ्ठा जसा होता तसा होता.

मी हे सगळं पाहिलं आणि काही बोलले नाही. नेनोच्या मनात काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तोही घाबरला असावा असंच मला वाटलं.

जूनमध्ये निकाल वाचनालयाच्या दारावर लागला. शाळेत लावतात तसा, नावं आणि गुण, टाचणीनं टोचून. सगळे जमले. नेनो मागून आला, सावकाश, आणि आपलं नाव शेवटाकडे शोधू लागला. तिथे नव्हतं. मधे नव्हतं. मग इओलेनं त्याचा हात धरून त्याला कागदाच्या वरच्या टोकाकडे नेलं. तिला राहवलं नाही.

"पहिला!" ती म्हणाली. "नेनो, तुम्ही पहिले आलात!"

नेनोनं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"हा मी नाही," तो म्हणाला.

"नम्रपणा पुरे झाला," फौजदार म्हणाले आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी पडली.

दुसऱ्या दिवशी नेनो ओत्ताविया बाईंच्या घरी गेला. आपल्याला गुण जास्त मिळालेत अशी तक्रार त्याला करायची होती. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, तक्रार प्रांताकडे करावी लागेल, तिथे गुण कमी मिळाल्याच्या तक्रारीचा कागद असतो, जास्त मिळाल्याचा नसतो. तो परत आला.

उन्हाळाभर तो काय करावं ते बघत होता. चिनीमातीची भांडी घडवायचा वर्ग गुरुवारी असतो असं कळलं. तिथे एकदा गेला. एक वाटी केली. लिदियानं ती बागेत ठेवली, पक्ष्यांसाठी. पक्षी आले नाहीत. रक्तदाबाचं कारण सांगून घरीच बसावं असंही त्याच्या मनात आलं, पण लिदियानं ऐकलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस लिदियाला सिगारेटच्या दुकानात इओले भेटली. इओलेनं अभिमानानं सगळं सांगितलं. पेन्सिल, खोडरबर, खलाशी, वारा, सगळं.

"तुम्ही काय केलंत!" लिदिया म्हणाली. "अगं, त्याला नापास व्हायचं होतं!"

"नापास? कशाला?"

"मंगळवारी कोण बसतं वर?"

इओलेनं विचार केला. मग तिच्या हातातले सुटे पैसे काउंटरवर सांडले.

संध्याकाळपर्यंत फौजदारांना कळलं. ते म्हणे बराच वेळ ठाण्याच्या जुन्या बाकावर बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुरावा बदलला होता, तोही दयेपोटी, आणि एका निरपराध माणसाला शिक्षा झाली होती.

ऑक्टोबरातला पहिला मंगळवार. नेनो आला. तो का आला, असं मी नंतर लिदियाला विचारलं तर ती म्हणाली, "बाईंनी निरोप पाठवला होता, त्यांना नाही म्हणायचं धैर्य याच्यात नाही. आणि मी दार लावून घेतलं होतं."

वर्गात आधीच्या वर्षीचे दुसऱ्या वर्गवाले आणि वर चढलेले नवे. फौजदार आणि इओले एका कोपऱ्यात, मयताला आल्यासारखे, मधे केक. देल्फो आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, टाय, पुढ्यात टोक केलेली पेन्सिल. नेनो दारात आला आणि देल्फोनं नजर कागदावर नेली. नेनोनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशात रोमन साम्राज्य होतं, पळून जायला भरपूर जागा.

ओत्ताविया बाईंनी चष्मा लावला. "झेरॉक्स पुरत नाहीत. आडनावाप्रमाणे बसा, दोघांत एक. साल्वुच्ची आणि साल्वुच्ची."

पुरत का नव्हत्या ते मला आजही कळलेलं नाही. मी मोजून काढल्या होत्या.

दोघं बसले. मधे कागद. कागदाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा इतकी, की तिथून बैलगाडी गेली असती. फौजदारांनी डोळे मिटले.

धडा सैन्याचा होता. सेनापती डोंगर उतरतो, दिवसभर चाल करतो, संध्याकाळी नदीकाठी पोचतो. पलीकडे शत्रू. सैनिक थकलेले, त्यांच्याजवळ गव्हाच्या पिशव्या. आणि तिथेच कागद संपत होता. शेवटची ओळ मशीननं खाल्ली होती. म्हणजे नदीकाठी सैन्य उभं, आणि पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही.

"पुढं काय झालं असावं?" बाई म्हणाल्या. "देल्फो."

देल्फो घसा खाकरून बाईंकडे बघत बोलला. "जेवले असणार. शिस्तीचं सैन्य आहे. आधी जेवण, मग नदी."

मग नेनो बोलला. भावाशी नाही, कागदाशी.

"भरल्या पोटी पाण्यात?"

वर्गात कुजबुज झाली. हा साधा मुद्दा नव्हता. जेवल्यावर तीन तास पाण्यात पाय घालायचा नाही, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. समुद्रकिनाऱ्यावर घड्याळ लावून बसलेली मुलं मी दरवर्षी बघते.

"खरं आहे," इओले म्हणाली. "गोळा येतो पोटात. माणूस बुडतो."

"ते पोहत नव्हते," देल्फो अजूनही बाईंनाच सांगत होता. "पूल होता."

"पूल कुठे लिहिलाय?" नेनो, कागदाला.

"शेवटच्या ओळीत."

"शेवटची ओळ नाहीच आहे!"

"असती तर तिच्यात पूल असता!"

"असती तर तिच्यात ते उपाशीपोटी गेले असते आणि पलीकडे जाऊन जेवले असते!"

"शत्रूसमोर? शेगडी पेटवून?"

"मग काय शत्रू बसून वाट बघणार, यांचं पचेपर्यंत? तीन तास?"

"रोमन लोकांना तीन तास लागत नव्हते!"

"त्यांना आया नव्हत्या होय?"

देल्फो आता वळला. पुरता वळला, टायसकट. "तुला आईनं तीन तास बसवलं कारण तू पाच वाट्या पास्ता खायचास. त्यात सगळ्या सैन्याचं काय?"

"आणि तू?" नेनोही वळला. "तू जेवलोच नाही म्हणून खोटं सांगायचास आणि उतरायचास. आणि मी काठावर बसून तुझे कपडे सांभाळायचो. भर उन्हात."

"कुणी सांगितलं होतं सांभाळायला?"

"आईनं!"

"मग आईला विचार!"

"आईला कळलं असतं तर तिनं तुला पाण्यातून कान धरून काढलं असतं!"

फौजदारांनी एक डोळा उघडला. शांतता भंग होत होती आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा प्रसंग कधी हातचा जाऊ दिला नव्हता. ते उठायला लागले, तेव्हा ओत्ताविया बाईंनी नुसता हात वर केला आणि ते बसले. बाई मग खिडकीपाशी गेल्या.

भांडण तास संपेपर्यंत चाललं. त्यात नदीची रुंदी निघाली, गव्हाच्या पिशव्यांचं वजन निघालं, १९५८ सालचा एक उन्हाळा निघाला, एक बूट निघाला जो वाहून गेला होता आणि तो कुणाचा होता यावर एकमत झालं नाही. दोघांनी एकमेकांना "गाढवा" म्हटलं. आमच्याकडे वीस वर्षांनी एकमेकांना गाढव म्हणणाऱ्या भावांना काय म्हणावं याला शब्द नाही, पण इओले रडत होती आणि केक वाटत होती, त्यावरून अंदाज आला.

तास संपला. देल्फो आपली पेन्सिल खिशात घालून, मान ताठ करून, पहिला बाहेर पडला. जिन्यावरून त्याचा आवाज आला. "पूल होता!"

नेनो वर राहिला होता. फौजदार आणि इओले त्याच्यापुढे येऊन उभे राहिले, बेड्या घालून घ्यायला धरावेत तसे हात पुढे धरून.

"नेनो, आम्ही केलं," फौजदार म्हणाले. "तुमचा पेपर. मी सांगितलं, हिनं खोडलं. आम्ही प्रांताला लिहून देतो. तुमच्यावर काही येणार नाही."

"आम्हाला माहीत नव्हतं," इओले म्हणाली. "तुम्ही घाबरलात असं वाटलं."

ओत्ताविया बाई खिडकीपासून आल्या. त्या म्हणाल्या, लिहून द्यायची गरज नाही. पहिल्या वर्गात यंदा जागा आहे, त्या प्रांतवालीला समजावतील. गुरुवारपासून यावं. लिविया आहेच तिथे.

नेनोनं टोपी घातली. मग काढली. शेवटची ओळ नसलेली ती झेरॉक्स त्यानं टेबलावरून उचलली आणि नदीकाठच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते अजून अलीकडेच उभे आहेत, बाई."

"हो."

"देल्फोच्या भरवशावर सोडले तर सगळे जेवून उतरतील." त्यानं कागद खिशात सरकवला. "पुढच्या मंगळवारी कुठलं पान?"